तिळाचा नियम

“दुसरा पाय बघितला का?”

एकवीस वर्षांपूर्वी या रुग्णालयातल्या माझ्या पहिल्याच सकाळी मला हा प्रश्न विचारला गेला. आजच्या भाषणासाठी मी चार दिवस चांगली चांगली वाक्यं जमवत होते. पण कागद घेऊन बसलं की प्रत्येक वेळी हेच वाक्य पुढे येऊन उभं राहायचं. शेवटी म्हटलं, यालाच आधी जाऊ द्यावं.

आता रीतसर. समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक. लांबचा प्रवास करून प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आमच्या चर्मरोग विभागाचे थोरले सर. व्यासपीठावर मधोमध अवघडून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या सिस्टर. त्यांच्या शेजारी त्यांच्याहून जास्त अवघडून बसलेले त्यांचे यजमान. समोर बसलेले वॉर्डातले, लॅबमधले, औषधालयातले, धुलाईघरातले माझे सगळे सहकारी. आणि आमंत्रण नसताना पुढच्या दोन रांगा धरून बसलेले आमचे जुने पेशंट, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

अधीक्षकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. ड्रेसिंगरूमच्या बाहेर ज्यांनी बाक झिजवलाय त्यांना माहीत आहे, तिथली सात मिनिटं किती लांब असतात. मी ती सात मिनिटं घेणार आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते. भाषणाच्या शेवटी मी सिस्टरांकडे एक मागणी करणार आहे. त्या नाही म्हणणार, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आधी बाजू मांडून घेते.

झालंय असं. आज सकाळी सिस्टर कॉरिडॉरमधून येत होत्या आणि मला वाटलं, पाय ओढताहेत. मी विचारलं, “पायाला काय झालं?” त्या म्हणाल्या, “डास चावला.” मी म्हटलं, “डास चावला की माणूस खाजवतो, लंगडत नाही.” तेव्हा त्यांनी बाकावर टेकून बूट काढला, पांढरा मोजा खाली सरकवला आणि पाय पुढे केला. मी पाहिला, हात लावला. पाय छान होता. “झालं समाधान?” म्हणाल्या. “एक दिवस तरी मला पेशंट करू नका. उद्या सकाळची बस आहे माझी.”

ही बस काय आहे ते घरातल्यांसारखं तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. सोळा तासांचा प्रवास. पलीकडच्या टोकाला त्यांची लेक आहे, तिचे दिवस भरत आलेत, आणि आईनं तिला शब्द दिलाय की मी पोचल्याशिवाय तू दवाखान्यात जायचं नाहीस. जणू बाळ यांना विचारून येणार आहे. त्यात सिस्टरना साखर आहे. साखर असलेल्या माणसानं दुखरा पाय सोळा तास लोंबकळत ठेवावा का, यावर त्यांनी स्वतः या इमारतीत किती जणांना झापलंय याचा हिशेब कुणाकडे नाही.

असो. पाय छान होता. त्याच्याकडे मी परत येईन.

तर, ती पहिली सकाळ. मी पंचविशीतली, पांढरा कोट इस्त्रीचा, खिशात चार पेनं. समोर एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. उजवा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल, सुजलेला. मी पुस्तकात वाचलेलं सगळं मला त्या पायावर लिहिलेलं दिसलं. मी कागदावर ‘सेल्युलायटिस’ असं लिहिलं. म्हणजे कातडीच्या खालच्या थरात जंतू शिरले आहेत, भरती करा, शिरेतून औषध द्या. कोपऱ्यात एक बाई माझ्याकडे पाठ करून गॉज कापत होत्या. त्यांनी वळूनही न बघता विचारलं,

“दुसरा पाय बघितला का?”

मी म्हटलं, “दुसऱ्याची तक्रार नाही.”

“तक्रार माणूस करतो. पाय करत नाही. बघा.”

मी बघितला. दुसरा पायही तसाच लाल. तशीच सूज, तीच कोरडी सालपटं, त्याच फुगलेल्या शिरा. सिस्टर जवळ आल्या. त्यांनी हाताची उलटी बाजू आधी एका पायाला लावली, मग दुसऱ्याला. दोन्ही सारखेच कोमट. ताप विचारला, नव्हता. कधीपासून, तर म्हणे वर्षभर असंच आहे, आता जास्त झालंय. मग सिस्टर मला म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, जंतू काय बसचं तिकीट काढून येतात होय, दोन्ही पायांना एकाच दिवशी उतरायला?”

तो आजार शिरांचा होता. रक्त खाली साचून कातडी चिडलेली. त्याला जंतूंचं औषध नको होतं. पाय उंच ठेवणं, घट्ट पट्टी आणि मलम एवढं पुरे होतं. मुख्याध्यापिका मात्र नाराज झाल्या. भरती व्हायचं म्हणून त्यांनी वाचायला पाच पुस्तकं आणली होती.

त्या दिवशी मी आणखी एक शिकले. सिस्टर नुसतं ‘डॉक्टर’ म्हणाल्या की समजायचं, बरं चाललंय. ‘डॉक्टरसाहेब’ म्हणाल्या की आपलं काहीतरी चुकलंय. पहिली दोन वर्षं मी बहुतेक साहेबच होते.

सिस्टरना पेशंट ‘रेघवाल्या सिस्टर’ म्हणतात. पाहुण्यांसाठी सांगते. पाय असा जंतूंनी लाल झाला की सिस्टर त्या लालीच्या कडेनं पेनानं रेघ काढतात, रेघेवर तारीख आणि वेळ घालतात. उद्या लाली रेघेच्या आत असली तर औषध लागू पडलंय. बाहेर गेली तर जंतू पुढे आहेत आणि आपण मागे. आमची यंत्रं बंद पडतात, वीज जाते, रिपोर्ट हरवतात. रेघ कुठे जात नाही, असं मला वाटायचं. त्याबद्दलही सांगायचंय, पण आधी लॅबवाल्या भाऊंना जागं करते.

भाऊ, तुमची परवानगी मी कालच घेतली आहे, आता मागे फिरू नका. भाऊंच्या काखेत एक तपकिरी-लालसर चट्टा आला होता. भाऊ तीस वर्षं दुसऱ्यांच्या कातडीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्वतःचा नमुना द्यायला तयार नाहीत. “नायटा आहे,” म्हणाले. “नायटा मला कळत नाही तर कुणाला कळणार?” नायटा म्हणजे बुरशी. त्यांनी बुरशीचं मलम दोन महिने लावलं. चट्टा तसाच. मग माझ्याकडे आले आणि मीही त्यांच्या अनुभवाला मान देऊन आणखी एक बुरशीचं मलम लिहून दिलं. मान देऊन निदान होत नाही, हे तेव्हा कळायचं होतं.

सिस्टर म्हणाल्या, दिव्याखाली घ्या यांना. आमच्याकडे एक जांभळ्या उजेडाचा दिवा आहे. खोलीत अंधार करायचा आणि चट्ट्यावर तो धरायचा. काही जंतू त्या उजेडात पोवळ्यासारखे लाल चमकतात. भाऊंना आत नेलं, दिवा धरला. काही चमकलं नाही. भाऊ विजयानं म्हणाले, “बघा, बुरशीच.” सिस्टरनी विचारलं, “आज आंघोळ करून आलात?” “म्हणजे काय, डॉक्टरांकडे यायचं म्हणून साबण लावून दोनदा घासलंय.” “मग उद्या न करता या.”

दुसऱ्या दिवशी भाऊ तसेच आले. साऱ्या लॅबला ते जाणवलं होतं. दिवा धरला आणि काखेत पोवळ्याची वाटी ठेवल्यासारखं झालं. त्या जंतूंचा रंग साबणानं धुऊन जातो, म्हणून आदल्या दिवशी काही दिसलं नव्हतं. अंधारात सिस्टरांचा आवाज आला, “भाऊ, दोन महिने उगाच बुरशीला शिव्या घातल्यात. माफी मागा तिची.” आठ दिवसांत चट्टा गेला. आमच्या विभागाबाहेर ‘तपासणीला येताना त्या जागी काही लावू नये, ती जागा धुऊन येऊ नये’ अशी पाटी आहे, तिचा उगम हा. लोकांना वाटतं, फार अभ्यास करून लिहिली असेल.

सिस्टर निदान कुठून सुरू करतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आम्ही डॉक्टर डागापासून सुरू करतो. त्या दारापासून सुरू करतात. एकदा एक बाई लेकराला घेऊन आली. त्याच्या नाकाखाली आणि ओठांभोवती पिवळ्या खपल्या, मध सांडून वाळल्यासारख्या. ते तर मलाही ओळखता आलं. वरवरचा जंतूंचा आजार, लहान मुलांत फार, आणि हातोहात पसरणारा. मी मलम लिहिलं. सिस्टर मात्र दाराकडे बघत होत्या. तिथे त्याची मोठी बहीण पडद्यात तोंड लपवून उभी होती आणि एका बोटानं नाक खाजवत होती. “तू ये गं इकडे,” म्हणाल्या. तिच्याही नाकपुडीच्या कडेला एक छोटी खपली. मग आईला विचारलं, “घरात तोंड पुसायचे टॉवेल किती?” आई म्हणाली, “एक.” “माणसं?” “सात.” सिस्टरनी माझ्या हातातला कागद घेतला आणि मलमाच्या वर, पहिल्या क्रमांकावर लिहिलं, ‘टॉवेल सात.’ औषधवाल्यानं तो कागद परत पाठवला, म्हणे आमच्याकडे हे औषध नाही.

हसा, पण तो आजार त्या घरात पुन्हा आला नाही.

आता रेघेबद्दल. हे मी आजवर या सभागृहात कुणासमोर बोललेले नाही. सर, तुमच्यासमोरही नाही. तुम्ही आज येणार हे कळलं तेव्हा ठरवलं, आता सांगायचंच.

मी इथे येऊन चार महिने झाले होते. एक सुतार भरती झाले. ते आज दुसऱ्या रांगेत बसलेत, सुतारभाऊ. हात वर नका करू, सगळे ओळखतात तुम्हाला, या इमारतीची अर्धी दारं तुम्ही बसवलीत. नडगीत लाकडाची बारीक काडी घुसली होती, दोन दिवसांत पाय लाल होऊन तापला. संध्याकाळी पाच वाजता सिस्टरनी रेघ काढली, वेळ घातली आणि घरी गेल्या. मीही औषध सुरू करून गेले.

सकाळी आठला, सरांच्या राउंडच्या आधी, मी एकटी वॉर्डात गेले. रेघ पुसली गेली होती. सुतारभाऊंच्या आईनं पहाटे मायेनं लेकाचं अंग ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. रेघेचा कुठे तुकडा, कुठे निळा डाग उरलेला. आता इथे एक कबूल केलं पाहिजे. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत माझे नकाशे भिंतीवर लावायचे. पुसट रेघ मला लहानपणापासून सहन होत नाही. सर येतील, हे असं गबाळं कसं दाखवायचं, असं वाटलं आणि मी खिशातलं पेन काढून लालीच्या कडेनं नवी, सुरेख रेघ काढली. आणि फाइलमध्ये बघून तिच्यावर वेळ घातली, काल संध्याकाळ, पाच.

मी खोटं करतेय असं माझ्या मनातही नव्हतं. मला वाटलं, मी रेघ दुरुस्त करतेय.

राउंडला सरांनी विचारलं, “वाढलंय?” मी म्हटलं, “नाही सर, रेघेच्या आतच आहे.” सर पुढच्या खाटेकडे गेले.

साडेनऊला सिस्टर आल्या. चादर उचलली. म्हणजे उचलायला गेल्या, तर सुतारभाऊंनी दात आवळले. चादरसुद्धा लागू देईनात. वरून बघितलं तर पाय कालच्याइतकाच लाल, फार काही वेगळं नाही. पण दुखणं दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त. सिस्टर वाकून रेघेकडे बघत राहिल्या. मग गुडघ्याखालच्या एका तिळावर बोट ठेवलं.

“हा तीळ काल माझ्या रेघेच्या बाहेर होता. चांगला दोन बोटं बाहेर. आज आत कसा आला?”

मग माझ्याकडे वळल्या.

“तीळ चालतो का, डॉक्टरसाहेब?”

मला त्या क्षणी कळलं, मी काय केलं होतं. रात्रीत लाली दोन बोटं पुढे आली होती आणि ती पुढे आल्याची एकमेव खूण मी माझ्या सुंदर हातानं पुसून टाकली होती. वर कालची वेळ घालून तिला पुरावाही दिला होता.

सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. “तिळापासून दोन बोटं खाली ठिपके घाला, ती कालची हद्द. आताच्या कडेला आताची वेळ. मग सर्जनना फोन करा, आणि दुखणं सांगा, लाली नंतर.” माझे डोळे भरून आले असावेत, कारण पुढे म्हणाल्या, “रडायचं फोननंतर. ड्रेसिंगरूमच्या मागे जागा आहे, कापूस भरपूर आहे.”

दुपारच्या आत सुतारभाऊंना शस्त्रक्रियेला नेलं. जंतू कातडीखाली स्नायूंवरच्या पडद्यापर्यंत उतरले होते. हा आजार तासांवर चालतो. वरून साधी लाली दिसते आणि आत आग पसरत असते, म्हणून दुखणं ऐकायचं असतं. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, “संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पाय ठेवता आला नसता.” त्यांनी ते कौतुकानं म्हटलं. मी ड्रेसिंगरूमच्या मागे गेले. कापूस खरंच भरपूर होता.

सिस्टरनी हे कुणालाही सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून विभागात एक पद्धत पडली. नुसती रेघ काढायची नाही. अंगावरची न पुसली जाणारी एखादी खूण धरायची, तीळ, जुना व्रण, घोट्याचं हाड, आणि तिच्यापासून रेघ किती बोटांवर आहे ते फाइलमध्ये लिहायचं. रेघ पुसली गेली तरी हरकत नाही, पण पुसलेली रेघ गिरवायची नाही. नवी काढायची, नव्या वेळेची. पोरं याला ‘तिळाचा नियम’ म्हणतात. नव्या डॉक्टरांना वाटतं, कुठल्यातरी पुस्तकातला असेल. एक जण तर परीक्षेत लिहून आला. तुम्हाला आज सांगते, तो नियम माझ्या चुकीचा आहे आणि तो तीळ दुसऱ्या रांगेत बसला आहे.

गेल्या आठवड्यात मी सुतारभाऊंच्या कारखान्यात जाऊन त्यांना हे सगळं सांगितलं. ते रंधा चालवत होते. थांबले, फुंकर मारून भुसा उडवला. म्हणाले, “डॉक्टर, चुकीची खूण आम्हीही करतो. फरक इतकाच, लाकडाला दुखत नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “आईला मात्र सांगू नका. रेघ तिनं पुसली हे तिला कळलं तर ती मला अजून शंभर वर्षं पुसत बसेल.” मी शब्द दिला होता. आजी, तुम्ही आज इथे येणार आहात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तुम्ही हसताय, तेव्हा ठीक आहे.

थोरले सर काहीतरी म्हणताहेत. माइक द्या जरा सरांकडे. नको म्हणतात, मीच सांगते. सर म्हणतात, “मला त्याच सकाळी कळलं होतं. ती रेघ फार सुबक होती. आपल्या सिस्टरांची रेघ आयुष्यात कधी सरळ गेलेली नाही. मी परत फिरून येतच होतो, तोवर यांचा फोन झालेला होता.”

सर, एकवीस वर्षं. तेव्हाच म्हणाला असतात तर मी शांत झोपले असते.

सर म्हणतात, “म्हणूनच बोललो नाही.”

मला जरा पाणी द्या.

मला घरी विचारतात, रोज तेच गळू, तेच केसतोड, तोच पू, कंटाळा येत नाही का? मला वाटतं, कातडी ही माणसाची सगळ्यात बोलकी गोष्ट आहे आणि माणूस तिलाच सगळ्यात जास्त झाकतो. लोक आमच्याकडे येतात तेही अर्धं झाकून येतात. जे सांगायला सोपं ते दाखवतात. बोटांच्या बेचक्यातली चीर दाखवत नाहीत, आणि जंतू नेमके त्या चिरेतून आत आलेले असतात. सिस्टर त्यांना कधी लाजवत नाहीत. मोजा स्वतःच्या हातानं काढतात, पाय मांडीवर घेतात आणि इकडचं तिकडचं बोलत बोलत बोटं वेगळी करून बघतात. एक पहारेकरी यायचे. दिवसभर रबरी बूट घालून पायांना इतका वास की बायकोनं त्यांचं अंथरूण व्हरांड्यात टाकलं होतं. सिस्टरनी तळवे वर करून दाखवले, सगळीकडे बारीक खळगे, चाळणीसारखे. “हा वास तुमचा नव्हे,” म्हणाल्या, “जंतूंचा आहे. घरी तसं सांगा.” औषध दिलं, बूट वाळवायला सांगितले, रोज दोनदा मोजे बदलायला लावले. महिन्यानं पहारेकरी आले ते बायकोला घेऊन. तिनं सिस्टरांचा हात धरला आणि म्हणाली, “अंथरूण आत घेतलं.” एवढंच म्हणाली. मला हे वाक्य पुष्कळदा आठवतं. बरं होणं म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

अधीक्षकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. त्यांचं बरोबर आहे. आवरते.

आमच्या विभागातर्फे सिस्टरांचे आभार मानायचं काम माझ्याकडे आहे. ते मी नीट करू शकणार नाही, कारण आभार मानायचे तर कुणाकुणाच्या पायाचे मानायचे? त्यांच्या यजमानांचे मात्र मनापासून मानते. तीस वर्षं त्यांनी संध्याकाळचा चहा स्वतः केला आणि घरी आल्या आल्या बायको त्यांच्या घामोळ्याकडे संशयानं बघते, हे सहन केलं. थोरले सर आले, अध्यक्षांनी वेळ दिला, धुलाईघरातल्या मंडळींनी टेबलावर इतकं लांब पांढरं कापड घातलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाची काख नाहीतर तळवे चारचौघांत काढले असतील, तर ते पोटात घाला.

आणि आता ती मागणी.

सिस्टर, ते पांढरं कापड जमिनीपर्यंत आलंय म्हणून तुम्ही निश्चिंत बसला आहात. पण व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत आणि मी त्यांच्या शेजारीच बसले होते. तिन्ही पायऱ्यांवर तुम्ही उजवा पाय आधी टाकलात आणि डावा मागून ओढून घेतलात. मग मी तुमच्या बुटांकडे पाहिलं. उजव्याची नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवलेली आहे. डाव्याची दोन भोकं सोडलेली आहेत. सकाळी बाकावर बसून तुम्ही मला उजवा पाय दाखवलात. मी तो बघितला, हात लावला, आणि समाधानानं निघून गेले. तुमच्याच हाताखाली एकवीस वर्षं काढून मी तो एक प्रश्न विचारला नाही. आणि तुम्हीही गृहीतच धरलं होतं की निरोपाच्या गडबडीत ही विसरेल.

तुमचे यजमान खाली बघताहेत. म्हणजे त्यांना माहीत आहे.

मला ठाऊक आहे, तुम्ही काय म्हणाल. आधी कार्यक्रम, मग जेवण, मग सामान बांधायचंय, मग बस. लेक वाट बघतेय. मी काही तुम्हाला लगेच भरती करत नाही. ड्रेसिंगरूम उघडी आहे. माझ्याकडे पेन आहे. तुम्ही सांगाल त्या तिळापासून बोटं मोजून मी रेघ काढेन, वाकडी काढेन हवं तर. उद्या सकाळी लाली आत असली तर दुपारच्या बसमध्ये तुम्हाला मी स्वतः बसवून देते, पाय समोरच्या आसनावर ठेवून. बाहेर गेली असली तर लेकीला फोन मी करते. ती तुमचीच लेक आहे. तिला मी रेघ म्हटलं की पुढचं सांगावं लागणार नाही.

तुमची मान हलायला लागली आहे, दिसतंय मला. ‘नाही’ म्हणूनच हलतेय.

तरी विचारते. इथे सगळ्यांसमोर नको, आत चला. पण चला. दुसरा पाय दाखवा, सिस्टर.